विषय : माझी खोडी काढण्याबाबत

माझ्या बुटांना कोणी केचप लावत नव्हतं.

हे दुःख चारचौघांत सांगण्यासारखं नाही, हे मला कळतं. कॅनडातल्या आमच्या विंडसरमध्ये माणसं थंडीची तक्रार करतात, गुडघ्यांची करतात, नदीपलीकडे डेट्रॉइटला जाताना लागणाऱ्या रांगेची करतात, आणि ऐकणारा 'हो ना' म्हणून स्वतःची तक्रार सुरू करतो. पण बिजागऱ्यांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर असलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने 'माझ्या बुटांना केचप लावा हो' असं कोणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

आधी केचपचं प्रकरण सांगतो. आमच्या कारखान्याच्या डे शिफ्टची आइस हॉकीची टीम आहे. दर रविवारी सकाळी सातला मॅच, आणि नंतर रेस्टॉरंटात सगळ्यांचा एकत्र नाश्ता. नाश्ता रंगात आला की टीममधला एखादा महाभाग चमचा पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली शिरतो, कोणाच्या तरी बुटावर केचप ओततो आणि वर येऊन साळसूदपणे ऑम्लेट खायला लागतो. मग कोणीतरी ग्लासवर चमचा वाजवून ओरडतो, "शू चेक!" सगळे वाकून आपापले बूट बघतात. ज्याचा बूट लाल, त्याने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याची यथेच्छ हुर्यो करायची. हॉकीवाल्यांचा हा जुना रिवाज आहे म्हणे.

मी टीममध्ये आलो २०१७च्या जानेवारीत. टोनी नावाच्या गड्याचा गुडघा गेला आणि एक माणूस कमी पडला. कधीकाळी मुलीला, म्हणजे शिवांगीला, स्केटिंग शिकवताना कठड्याला धरून मीही थोडंफार शिकलो होतो. कॅप्टन डग म्हणाला, "सूर्या, तू फक्त उभा राहा." त्यावर मला डिफेन्समध्ये घेतलं गेलं. डिफेन्स म्हणजे मी उभा राहतो आणि समोरची टीम मला वळसा घालून जाते.

पहिल्याच रविवारी ड्रेसिंग रूममध्ये माझे डोळे विस्फारले. ही पोटं सुटलेली, कर्ज फेडणारी, नातवंडं असलेली माणसं. पण बूट काढून स्केट्स चढवले की त्यांचं वय दहा होतं. एकाने दुसऱ्याच्या स्केटच्या पात्याला पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. तो बिचारा मोठ्या रुबाबात बर्फावर उतरला आणि पहिल्याच पावलाला आडवा झाला. एकाच्या नाड्या अर्ध्या कापून ठेवल्या होत्या, त्या ओढताच हातात आल्या. गोलकीपर मार्सेलच्या हेल्मेटमध्ये टाल्कम पावडर होती, तो अर्धी मॅच शिंकत होता. मी मनाशी म्हटलं, सूर्यकांत रामटेके, आता तुमची पाळी.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. शनिवारी रात्रभर कूस बदलायची, पहाटे पाचला उठून घरात फेऱ्या मारायच्या, आणि मॅचला सगळ्यांच्या वीस मिनिटं आधी पोचायचं. तपासणी हा माझा धंदाच आहे. स्केटचं पातं मी भिंगातून बघायचो, नाड्या वीतभर वीतभर ओढायचो, हेल्मेट उलटं करून झटकायचो. काही नाही. दुसऱ्या रविवारी काही नाही. तिसऱ्या रविवारी काही नाही. चौथ्या रविवारी मी मुद्दाम बॅग उघडी टाकून वॉशरूमला गेलो आणि तिथे दहा मिनिटं आरशात बघत उभा राहिलो, म्हणजे मंडळींना सवड मिळावी. परत आलो तर कोणीतरी माझ्या बॅगेची चेन लावून ठेवली होती आणि टॉवेल घडी करून खुंटीवर टाकला होता.

तो घडी केलेला टॉवेल मला फार लागला.

नाश्त्याला मी नवे फिकट रंगाचे बूट घालून जाऊ लागलो. लाल रंग उठून दिसेल असे. पाय टेबलाखाली इतके लांब सोडून बसायचो की वेट्रेस दोनदा अडखळली. केचपची बाटलीसुद्धा मी सरकवून सोयीच्या जागी ठेवायचो. "शू चेक!" झालं की सर्वांत आधी मीच वाकायचो. माझे बूट दुकानातून आणले तसे लख्ख. सहा रविवारांत एकेकाची दोनदा पाळी झाली, टोनी तर नुसता नाश्त्याला यायचा, त्याच्या कुबडीलासुद्धा केचप लागलं, पण माझ्या बुटांना नाही.

यात एवढं काय आहे, असं कोणाला वाटेल. सांगतो. माझे आजोबा भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या गावात चहा प्यायला जात, तेव्हा त्यांचा कप वेगळा असे, टपरीच्या बाहेर खिळ्याला टांगलेला. ते पिऊन, विसळून, तो परत तिथेच टांगत. मी तो कप पाहिलेला नाही, पण आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ आहे. आता विंडसरमध्ये तसं काही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ही माणसं मनाने चांगली होती. कारखान्यात सगळ्यांना आदराने कसं वागावं याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, त्यात बाहेरून आलेल्या सहकाऱ्यांची थट्टा जपून करावी असं एक पान होतं, आणि आमच्या टीममध्ये ते पान लागू पडणारा मी एकटाच होतो. हे सगळं डोक्याला कळत होतं. पण कोणी आदराने लांब राहिलं तरी आम्हाला आधी ते लांब राहणंच दिसतं, त्याला मी काय करू?

घरी सांगितलं. चित्रा, म्हणजे माझी बायको, लायब्ररीत नोकरीला आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मीच लावू का थोडं केचप?"

शिवांगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, यू वाँट टु बी बुलीड? दॅट्स सो वियर्ड."

शेवटी मी शंकररावांकडे गेलो. शंकरराव गजभिये आमच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात. नागपूरला पोस्टात पस्तीस वर्षं काढून रिटायर झालेले, आणि इथल्या आंबेडकर जयंती समितीचे अध्यक्ष. त्यांनी माझी कैफियत डोळे मिटून ऐकली.

"तुम्ही लेखी काही दिलं का जी?" त्यांनी विचारलं.

"लेखी? खोडीचं लेखी कसं देणार?"

"मग झालं तर. तोंडी बोलण्याला कोण विचारते भाऊ? निवेदन द्या. दोन प्रतींत. एकावर पोच घ्या."

इथे दुसऱ्या कोणी माणसाने हसून विषय सोडला असता. मला मात्र ते एकदम पटलं. माझ्या वडिलांची पेन्शन निवेदनाने सुटली, माझी फ्रीशिप निवेदनाने मिळाली, कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगीसुद्धा, मी चोवीस जोडपत्रांसकट मिळवलं. आमच्या घराण्याला आजवर जे मिळालं ते अर्ज करून. त्या रात्री मी बसून लिहिलं: 'विषय : माझी खोडी काढण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, मी दिनांक ८ जानेवारीपासून टीममध्ये नियमित हजर असूनही आजपावेतो माझी एकही खोडी काढण्यात आलेली नाही. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी.' मग त्याचं जसंच्या तसं इंग्रजी केलं, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डगच्या हातात दिलं.

डग म्हणजे लाल दाढीचा, दारातून तिरपा होऊन येणारा माणूस. त्याने अर्ज दोनदा वाचला. त्याच्या दाढीत काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण चेहरा गंभीर होता. मी पोच मागितली. त्याने सही करून तारीख टाकली आणि मार्सेलला घेऊन बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं. "सॉरी सूर्या. तू नवीन आहेस, तुला सांगायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी एकाने तक्रार केली, तेव्हापासून लीगने हे सगळं फॉर्मल केलंय. नवीन माणसाची खोडी काढायची तर फॉर्म बारा-बी लागतो." आणि त्याने माझ्या हातात चार पानांचा फॉर्म ठेवला.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती, नुसते कागद अपुरे होते.

फॉर्म मात्र कडक होता. बुटाचं माप, मिलिमीटरमध्ये. केचप, मोहरी व मेयोनीजची ॲलर्जी, वेगवेगळी. जवळच्या नातेवाइकाची संमती. दंतवैद्याचा दाखला. समाजातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस. बर्फाच्या प्रभारी व्यक्तीची सही. शिवाय 'उमेदवाराने नियमपुस्तक पूर्ण वाचले आहे' असं प्रतिज्ञापत्र. मी रकाना अन् रकाना तीनदा वाचला आणि कामाला लागलो.

चित्राचा एक नियम आहे, वाचल्याशिवाय ती कशावरही सही करत नाही. आमच्या लग्नाच्या नोंदणीला तिने रजिस्ट्रारला वीस मिनिटं थांबवलं होतं. तिने चष्मा लावून चारही पानं वरपासून खालपर्यंत वाचली. मध्येच तिचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?"

"सर्दी," ती म्हणाली, आणि सही करून स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता.

दंतवैद्य बाईंनी फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फॉर्मकडे बघितलं, आणि म्हणाल्या की असा दाखला द्यायचा तर एक्स-रे लागेल, मंगळवारी या. मंगळवारी म्हणाल्या, आता शुक्रवारी या. शुक्रवारी दाखला दिला आणि त्यांच्या सगळ्या स्टाफने माझ्याशी हस्तांदोलन केलं. मला वाटलं, इथे हॉकीला किती मान आहे.

शिफारशीसाठी शंकररावांनी समितीची खास बैठक बोलावली. आमच्या सचिव प्रीती मेश्राम, युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवतात, त्यांनी फॉर्म हातात घेऊन बराच वेळ वाचला आणि मग प्रश्न काढला की आपला माणूस स्वतःहून हुर्यो करून घेतोय, यात समाजाच्या प्रतिष्ठेचं काय? पाऊण तास चर्चा झाली. अखेर 'खोडी व्यक्तीची समजावी, समाजाची समजू नये' अशी दुरुस्ती होऊन ठराव मंजूर झाला. शंकरराव आणि प्रीतीताई, दोघांनी सह्या केल्या. निघताना शंकररावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाप्पा, फार काळजीने काम केलं या लोकायनं."

राहिली बर्फाच्या प्रभारी व्यक्तीची सही. रिंकवरचा बर्फ सपाट करणारी मोठी गाडी चालवतात ते वॉल्टर. सत्तरीचे, अबोल. गाडीवर बसल्या बसल्या त्यांनी फॉर्म वाचला आणि परत केला.

"निळी शाई," ते म्हणाले. "काळी पाहिजे."

मला भरून आलं. कॅनडात मला अकरा वर्षं झाली, पण शाईच्या रंगावरून माझा कागद कोणी परत केला नव्हता. मी घरी जाऊन माझं सगळं लिखाण काळ्या शाईने गिरवलं. वॉल्टरनी तो पुन्हा परत केला, कारण त्यांचा सही करायचा दिवस गुरुवार. गुरुवारी बर्फवादळ झालं. माझे विंटर टायर चांगले होते म्हणून मी गेलो, अर्धा तास फावड्याने बर्फ उपसून गाडी बाहेर काढली आणि गेलो. वॉल्टर एकटेच तिथे होते. त्यांनी माझ्या टोपीवरचा बर्फ बघितला आणि सही केली.

दरम्यान नियमपुस्तक मी खरोखर पूर्ण वाचलं. टीममधल्या कोणी ते आयुष्यात उघडलं नव्हतं. आणि त्याचा उपयोग झाला तो मार्चच्या शेवटच्या रविवारी, आफ्टरनून शिफ्टविरुद्धच्या फायनलला.

आफ्टरनून शिफ्ट ही डांबरट माणसांची टीम. आम्ही त्यांच्या गोलवर चाल केली की त्यांचा गोलकीपर हळूच कंबरेने धक्का देऊन अख्खी जाळी जागेवरून हलवायचा. शिट्टी, खेळ बंद. वर "अरे, कशी काय सरकली?" असा चेहरा. दमले की त्यांच्यातला एकजण हेल्मेटचा पट्टा तुटल्याचं सांगून गुडघ्यावर बसायचा, तेवढ्यात बाकीचे पाणी पिऊन घ्यायचे. तीन-तीन अशी बरोबरी होती, शेवटची तीन मिनिटं उरली होती आणि त्यांचा केव्हिन नावाचा खेळाडू आम्हाला हैराण करत होता. मी बाकावर बसून त्याच्या स्टिककडे बघत होतो. वक्र वस्तूकडे बघितलं की माझ्या डोळ्यांना राहवत नाही.

"डग," मी म्हटलं, "त्या स्टिकचा बाक मापापेक्षा जास्त आहे. मोजायला सांग."

"आणि बरोबर निघाली तर पेनल्टी आपल्याला बसते."

"जास्त आहे," मी म्हटलं. "तीन मिलिमीटरने."

डगने मागणी केली. रेफरी वैतागला. मोजायला त्याच्याकडे काही नव्हतं. मी बॅगेतून व्हर्नियर कॅलिपर काढला, सोबत त्याचं कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेटही काढलं. बाक साडेतीन मिलिमीटरने जास्त निघाला. केव्हिन दोन मिनिटं बाहेर बसला, त्या दोन मिनिटांत डगने गोल मारला, आणि आम्ही फायनल जिंकलो.

ड्रेसिंग रूममध्ये सगळे एकेक करून माझ्याजवळ आले आणि अदबीने हात मिळवून गेले. मार्सेलने तर हेल्मेट काढून मान लववली. मी हादरलो. माझा मान आणखी वाढला होता. आता या माणसाच्या बुटाला केचप लावायची हिंमत कोण करणार? माझ्याच हातांनी मी सगळं घालवलं होतं. रेस्टॉरंटात पोचेपर्यंत मी गाडीत तीनदा स्टिअरिंगवर हात आपटला.

एकच आशा होती, ती फॉर्मची. नाश्ता आला तसा मी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून काढून डगच्या पुढे ठेवला. चार पानं, काळी शाई, सगळ्या सह्या.

डगने तो हातात घेतला. ग्लासवर चमचा वाजवला. मी खाली वाकलो, पण तो ओरडला, "फॉर्म चेक!"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. डगने शेवटचं पान माझ्यासमोर धरून अगदी तळाशी बोट ठेवलं. प्रत्येक पानाच्या तळाला, जिथे फॉर्मचा नंबर आणि आवृत्ती छापतात तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. दिवसाला दोनशे कागदांवर मी ती जागा बघतो, म्हणूनच ती मी बघितली नव्हती. ओळ अशी होती: 'बारा-बी नावाचा कोणताही फॉर्म नाही. हीच खोडी आहे. वाचल्यास सही करा, सूर्याला सांगू नका.'

आणि त्या ओळीच्या बाजूला, बारीक अक्षरात, चित्राची आद्याक्षरं. दंतवैद्य बाईंनी काढलेलं हसऱ्या तोंडाचं चित्र. प्रीतीताईंची बरोबरची खूण. वॉल्टरचा वाकडातिकडा डब्ल्यू. आणि शंकररावांच्या पोस्टातल्या वळणदार मराठीत, 'वाचले. हरकत नाही.'

तीस सेकंद टेबलावर नुसता गोंधळ होता. टोनी कुबडी आपटून हसत होता. मार्सेल सांगत होता की तळाची ओळ बसवायला त्याला तीन जेवणाच्या सुट्ट्या लागल्या. मला मात्र त्यांचे आवाज लांबून येत होते. एक्स-रे. बर्फवादळ. समितीचा ठराव! अर्ध्या विंडसरने मला महिनाभर नाचवलं होतं, आणि मी, अर्ध्या मिलिमीटरसाठी माल परत पाठवणारा माणूस, फोल्डर घेऊन नाचलो होतो. मी खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो आणि कोट उचलला.

हसू थांबलं. एकेकाचा चेहरा उतरला. डगने फॉर्म खाली ठेवला. "सूर्या," तो हळू आवाजात म्हणाला, "जास्त झालं असेल तर, आय ॲम रिअली सॉरी. आम्हाला तुझा अपमान करायचा नव्हता. तू म्हणशील तर मी स्वतः एचआरला जाऊन सांगतो." आणि त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, जपून वागणारा भाव परत आला. टेबलावरच्या सगळ्याच चेहऱ्यांवर तो हळूहळू येत होता. मार्सेल तर माझी खुर्ची नीट सरळ करून ठेवायला उठला होता.

मी कोट हातात धरून उभा होतो. चार पानं टाइप करणारा मार्सेल. आपल्या पेशंटला तीन फेऱ्या मारायला लावणाऱ्या बाई. बैठक बोलावून पाऊण तास नाटक करणारे आमचेच लोक. इतकी मेहनत परक्या माणसासाठी कोणी घेत नाही. आता मी नुसता कोट चढवून निघून गेलो असतो तर माझी इज्जत राहिली असती, आणि दर रविवारी माझा टॉवेल कोणीतरी घडी करून ठेवला असता.

मी कोट खुर्चीवर टाकला. खिशातून भिंग काढलं. फॉर्म उचलून चारही पानं सावकाश तपासली, सगळ्यांना ताटकळत ठेवून. कोणी काट्यालाही हात लावला नाही. मग कारखान्यात सदोष मालाबद्दल बोलतो त्याच आवाजात मी म्हटलं,

"आवृत्तीचा नंबर नाही. पान तीनवर समास कमी. साक्षीदाराची सही कुठेच नाही. असं काम मी पास करू शकत नाही. ही खोडी नामंजूर. पुन्हा नव्याने करून आणा."

डग माझ्याकडे बघत राहिला. आधी त्याची दाढी हलली, मग खांदे, मग अख्खं टेबल.

"कधीपर्यंत?" त्याने विचारलं.

"पुढच्या रविवारपर्यंत," मी म्हटलं, आणि खाली बसलो.